आतल्या कानाच्या दाहामुळे आलेली अचानक चक्कर: पहिल्या तासापासून घराबाहेर पडेपर्यंत काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

या आजारात उपचार चुकण्यापेक्षा त्यांची वेळ जास्त चुकते. ज्या दिवशी झोपून राहायचं त्या दिवशी रुग्णाला जबरदस्तीनं उठवून चालवलं जातं. ज्या दिवशी उठायला हवं त्या दिवसापासून पुढे पंधरा-वीस दिवस त्याला अंथरुणात ठेवलं जातं, सोबत चक्करेच्या गोळ्या चालूच. मग दोन महिने झाले तरी मान वळवताना अंधारी येते, आणि घरच्यांना वाटतं आजारच हट्टी आहे. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. एखादा टप्पा गाळून पुढे गेलात तर बहुतेक वेळा परत मागे यावं लागतं.

नेमकं काय बिघडतं

दोन्ही कानांच्या आतल्या भागातून मेंदूकडे तोलाचे संदेश सतत जात असतात, दोन्हीकडून सारख्या जोरानं. दाहामुळे एका बाजूचे संदेश एकाएकी कमी झाले की मेंदूला वाटतं, डोकं दुसऱ्या बाजूला फिरतंय. म्हणून खोली गरगरते, डोळे आपोआप एका बाजूला झटके देत राहतात आणि उलट्या होतात. फक्त तोलाच्या नसेला सूज असेल तर ऐकू येणं शाबूत राहतं. याला वेस्टिब्युलर न्यूरायटिस म्हणतात. ऐकूही कमी येऊ लागलं किंवा कानात आवाज येऊ लागला तर तो लॅबिरिन्थायटिस. बहुतेक वेळा मुळाशी विषाणू असावा असं मानलं जातं.

सूज उतरली तरी त्या बाजूची नस पूर्ववत होतेच असं नाही. रुग्ण बरा होतो तो मुख्यतः मेंदू नव्या हिशेबाला सरावतो म्हणून. हा सराव डोकं हलल्याशिवाय होत नाही. पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

## टप्पा १: हे कानाचंच आहे का, हे आधी ठरवा

चक्कर किती वेळ टिकते ते पाहा.

कुशीवर वळताना किंवा वर बघताना गरगरतं आणि मिनिटभरात थांबतं, मधल्या वेळेत माणूस ठीक असतो: हा बहुधा कानातले कण सरकल्याचा आजार, बीपीपीव्ही. त्याचा उपचार वेगळा आहे. दाहामुळे आलेली चक्कर तासन् तास, एक-दोन दिवस सलग राहते. डोकं हलवलं की वाढते, पण स्थिर पडून राहिलं तरी पूर्ण जात नाही. इंटरनेटवर पाहून एप्लीची क्रिया (सरकलेले कण जागेवर नेण्यासाठी डोकं ठरावीक क्रमानं वळवणं) अशा रुग्णावर करू नका. फायदा शून्य आणि उलट्या मात्र वाढतात.

सावधान. सलग चक्करेमागे मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोकही असू शकतो, आणि सुरुवातीला तो हुबेहूब कानाच्या आजारासारखा दिसतो. खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा:

- एकाची दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळताना ठसका, आवाज घोगरा होणं
- चेहरा वाकडा होणं, हात-पाय लुळे पडणं किंवा बधिर होणं
- आधार दिला तरी उभंच राहता न येणं, किंवा बसल्या जागी एका बाजूला कलंडणं
- आजवर कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, किंवा मानेत एकाएकी उठलेली तीव्र कळ
- चक्करेसोबतच एका कानानं ऐकू येणं अचानक बंद होणं
- शुद्ध हरपणं, छातीत दुखणं

कानाच्या रुग्णाचाही तोल जातो, तो एका बाजूला झुकतो. पण भिंतीला धरून, कुणाचा हात धरून तो चार पावलं टाकू शकतो. ज्याला तेवढंही जमत नाही त्याच्याबाबत कान समजून थांबू नका. वय जास्त असेल, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान किंवा हृदयाची अनियमित गती असेल तर एवढी चिन्हं नसतानाही त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. पहिल्या काही तासांत काढलेला सीटी स्कॅन स्वच्छ आला म्हणजे स्ट्रोक नाहीच, असं होत नाही. मेंदूच्या त्या भागातला ताजा स्ट्रोक सीटीत सहज निसटतो. पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयमध्येही कधी कधी दिसत नाही. म्हणून डॉक्टर डोळ्यांच्या हालचाली आणि मानेला हलका झटका देऊन होणारी तपासणी यांना एवढं महत्त्व देतात. ही मानेची तपासणी घरी करून पाहू नका.

ताप, कानातून पू, कानामागे सूज किंवा मान ताठ होणं ही जिवाणू संसर्गाची लक्षणं आहेत. कानावर पुटकुळ्या आणि चेहऱ्याची एक बाजू ढिली, हे नागिणीच्या विषाणूचं लक्षण. दोन्हींत त्याच दिवशी औषध सुरू व्हायला हवं.

## टप्पा २: डॉक्टरांकडे जाताना सोबत काय न्यायचं

चक्कर आलेल्या माणसाला धड बोलता येत नाही, म्हणून हे काम घरच्यांचं. कागदावर लिहून घ्या: चक्कर किती वाजता सुरू झाली, एकदम आली की हळूहळू, किती उलट्या झाल्या, शेवटची लघवी केव्हा झाली, मागच्या दोन आठवड्यांत सर्दी-ताप होता का, चालू असलेली सगळी औषधं कोणती. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर ते सगळ्यात वर लिहा.

मोबाइलवर डोळ्यांचा व्हिडिओ घ्या. उजेड पुरेसा असू द्या, दोन्ही डोळे चौकटीत दिसू द्या. समोर बघताना १५ सेकंद, डावीकडे बघताना १५ सेकंद, उजवीकडे बघताना १५ सेकंद. कानाच्या आजारात डोळ्यांचे झटके एकाच दिशेला, सहसा चांगल्या कानाकडे, जातात; कुठेही बघितलं तरी दिशा बदलत नाही. डावीकडे बघताना डावीकडे आणि उजवीकडे बघताना उजवीकडे झटके येत असतील तर बिघाड मेंदूत असण्याची शंका येते. रुग्णालयात पोचेपर्यंत औषधानं झटके कमी झालेले असतात, तेव्हा हा व्हिडिओ फार कामाला येतो.

ऐकू येण्याची चाचणी एका कानाजवळ बोटं चोळून करा, मग दुसऱ्या. फरक वाटला तर तो आवर्जून सांगा. श्रवणशक्ती अचानक कमी झाली असेल तर स्टेरॉइडचा निर्णय दिवसांच्या हिशेबानं घ्यावा लागतो. आठवडाभर थांबून दाखवायला आलात तर बरीच संधी हातची गेलेली असते.

न्यूरायटिसमध्येही काही डॉक्टर पहिल्या ३ दिवसांच्या आत स्टेरॉइड सुरू करतात, काही करत नाहीत. त्याच्या फायद्याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. मधुमेह, पोटातला अल्सर किंवा काचबिंदू असेल तर ते विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगा.

## टप्पा ३: पहिले ४८ ते ७२ तास

या काळात विश्रांतीच. पण तिचीही एक पद्धत आहे.

खोली. पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंतची वाट मोकळी करा: सतरंजी, वायर, स्टूल, चपला उचला. रात्रभर मंद दिवा चालू ठेवा. कान बिघडलेला असताना तोल डोळ्यांच्या जिवावर सांभाळला जातो. अंधारात तोही आधार जातो आणि बहुतेक पडणं नेमकं तिथेच होतं. उलटीसाठी भांडं हाताशी असू द्या.

झोपण्याची स्थिती. बहुतेकांना दुखावलेला कान वर ठेवून कुशीवर बरं वाटतं. डोकं एका उशीवर थोडं उंच. डोळे घट्ट मिटून घेण्यापेक्षा समोरच्या भिंतीवरच्या एका स्थिर खुणेवर नजर ठेवायला सांगा. नजर एका जागी टेकली की डोळ्यांचे झटके कमी होतात आणि गरगरणंही कमी वाटतं.

पाणी. एकदम ग्लासभर दिलं की उलटून पडतं. दर ५ मिनिटांनी एक-दोन चमचे द्या. तासभर उलटी झाली नाही तर दोन-तीन घोट. तयार ओआरएस नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.

गोळ्या. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, डायमेनहायड्रिनेट, प्रोमेथाझिन ही औषधं तोलाच्या यंत्रणेला गुंगी आणतात, म्हणून गरगरणं आणि उलट्या आवरतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यांची खरी गरज असते. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर लगेच दुसरी देऊ नका. डॉक्टरांना फोन करा. गोळी पोटात टिकतच नसेल तर इंजेक्शन हा मार्ग आहे. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन चालू असेल आणि पोटात काहीच टिकत नसेल तर नेहमीचा डोस आपल्या मनानं देऊ नका, कारण साखर घसरू शकते.

कानात तेल, थेंब, काहीही घालू नका. बिघाड पडद्याच्या बराच आत आहे. तिथे थेंब पोचत नाहीत.

उठवून बसवणं. यात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा तपशिलात. रुग्णाला उताणं असताना सरळ वर ओढू नका. आधी त्याला सावकाश कुशीवर वळू द्या आणि गरगरणं ओसरेपर्यंत थांबा. मग दोन्ही पाय पलंगाखाली सोडायला सांगा आणि त्याच वेळी त्यानं खालच्या कोपरावर जोर देऊन स्वतः उठावं. तुमचा हात फक्त पाठीमागे, खांद्याच्या पात्याशी. बसल्यावर पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली हवीत, हात पलंगाच्या कडेवर, नजर समोरच्या खुणेवर. २ मिनिटं असंच बसू द्या. त्यानंतरच उभं राहणं. तुम्ही दुखावलेल्या कानाच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभे राहा, कारण तो त्याच बाजूला झुकणार आहे. दंडाला धरून ओढू नका. तुमचा हात रेलिंगसारखा पुढे ठेवा आणि त्याला धरू द्या.

इथे थांबून तपासा. ८ तासांत लघवी झाली नाही, तोंड कोरडं, माणूस सुस्त: सलाईन लागेल, रुग्णालयात न्या. तिसऱ्या दिवशीही गरगरणं पहिल्या दिवसाइतकंच असेल तर पुन्हा दाखवा. पहिल्या टप्प्यातली लक्षणं रोज सकाळ-संध्याकाळ तपासा. ती दुसऱ्या दिवशीही उमटू शकतात.

## टप्पा ४: गोळ्या थांबवणं आणि अंथरूण सोडणं

उलट्या थांबल्या आणि आधारानं बसता येऊ लागलं की हा टप्पा सुरू, सहसा तिसऱ्या-चौथ्या दिवशी. डोकं अजून जड असतं, चालताना झोकांड्या जातात. तरीही आता पडून राहायचं नाही.

चक्कर दाबणाऱ्या गोळ्या याच वेळी डॉक्टरांशी बोलून थांबवायच्या. मेंदूला चूक कळली तरच तो ती दुरुस्त करतो. गुंगीच्या गोळीखाली त्याला चूक कळतच नाही. महिनाभर या गोळ्या चालू ठेवलेला रुग्ण महिन्यानंतरही जवळजवळ तिथेच अडकलेला सापडतो, आणि वर सुस्तीमुळे पडण्याचा धोका वाढतो तो वेगळाच. चिठ्ठीवर किती दिवस ते लिहिलेलं नसेल तर विचारा. बीटाहिस्टिन हे चक्करेवरचं औषध मात्र या गुंगीच्या गोळ्यांमध्ये मोडत नाही. ते चालू ठेवायचं की नाही हे डॉक्टर सांगतील. झोपेची किंवा मानसिक आजाराची गोळी आधीपासून रोज चालू असेल तर ती एकदम तोडायची नाही.

या टप्प्याच्या पहिल्या दिवशी दर दोन तासांनी १० मिनिटं खुर्चीत बसणं आणि खोलीतल्या खोलीत चार-पाच फेऱ्या. दुसऱ्या दिवशी जेवण टेबलावर. दिवसा पडदे उघडे. फिरताना मान कडक धरून रोबोसारखं वळण्याची सवय लागते, ती पहिल्याच दिवशी मोडा. बोलणाऱ्याकडे मान वळवून बघायला लावा.

## टप्पा ५: नजर स्थिर ठेवण्याचा व्यायाम

बरं होण्याचा सगळ्यात मोठा वाटा या व्यायामाचा आहे, आणि चुकीच्या पद्धतीनं केलाही हाच जातो. मानेच्या मणक्याचा त्रास असेल, नुकतीच मानेची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय सुरू करू नका.

पांढऱ्या कार्डावर एक अक्षर काढा, पुस्तकातल्या मथळ्याएवढं. कार्ड साध्या, नक्षी नसलेल्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. समोर हातभर अंतरावर खुर्चीत बसा. चष्मा असेल तर लावा.

1. नजर अक्षरावर ठेवा. डोकं डावी-उजवीकडे हलवा, प्रत्येक बाजूला साधारण २० ते ३० अंश. "नाही" म्हणताना हलते तेवढीच मान, खांदे जागेवर.
2. सुरुवातीला १५ ते २० सेकंद. जमलं की ३० सेकंद, मग पूर्ण १ मिनिट.
3. थोडं थांबून हेच वर-खाली, "हो" म्हटल्यासारखं. मल्टिफोकल (दूरचं आणि जवळचं एकाच काचेत असलेल्या) चष्म्यात वर-खाली हलताना काच बदलते आणि अक्षर पुसट होतं. म्हणून हालचाल लहान ठेवा.
4. दोन्ही दिशा प्रत्येकी १ मिनिट, दोनदा: झाली ४ मिनिटं. दिवसातून ३ वेळा केलं की १२ मिनिटं. सुरुवातीच्या आठवड्यांत रोजचं एवढं उद्दिष्ट ठेवा. आजार तीन महिन्यांपेक्षा जुना झाला असेल तर दिवसभरात तीन ते पाच वेळा मिळून किमान २० मिनिटं लागतात, चार ते सहा आठवडे.

वेगाचं गणित समजून घ्या. अक्षर उड्या मारू लागलं किंवा पुसट झालं तर वेग जास्त आहे, कमी करा. पण गोगलगायीच्या गतीनंही उपयोग नाही, कारण सावकाश हालचालीत डोळे वस्तूचा पाठलाग करणाऱ्या वेगळ्या यंत्रणेनं काम भागवून नेतात आणि कानाशी जोडलेली यंत्रणा रिकामी बसते. अक्षर जेमतेम स्पष्ट राहील तो वेग बरोबर. मोबाइलवर मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं ॲप) लावून मिनिटाला ६० ठोक्यांपासून सुरुवात करा, प्रत्येक ठोक्याला डोकं एका टोकाला. दिवसागणिक वाढवत १२० आणि पुढे जा.

चक्करेला ० ते १० असे गुण द्या, व्यायामाआधी आणि नंतर. दोन-तीन गुणांनी वाढली आणि १५-२० मिनिटांत खाली आली: मात्रा बरोबर. अर्धा-पाऊण तास उलटूनही तशीच असेल तर पुढच्या वेळी निम्मा वेळ करा. बंद करू नका. अजिबात वाढली नाही तर व्यायाम सोपा झालाय, वेग वाढवा. चक्कर आली की व्यायाम सोडून देणं ही नेहमीची चूक. थोडी चक्कर यायलाच हवी.

पुढच्या पायऱ्या याच क्रमानं: बसून जमलं की उभं राहून, मग पावलं जुळवून, मग कार्ड चौकटीच्या किंवा नक्षीच्या पडद्यावर लावून, शेवटी कार्डाकडे चालत जाताना. एका वेळी एकच गोष्ट बदला.

## टप्पा ६: तोल आणि चालणं

भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून उभे राहा, समोर खुर्चीची पाठ. तोल गेला तर तिन्ही बाजूंना आधार. पावलं जुळवून, डोळे उघडे, ३० सेकंद. मग डोळे मिटून. मग एक पाऊल अर्धं पुढे. मग टाचेला अंगठा लावून एका रेषेत. सगळ्यात शेवटी पायाखाली जाड उशी ठेवून. आधाराला हात न लावता ३० सेकंद सलग तीनदा जमल्याशिवाय पुढची पायरी नाही. डोळे मिटून करताना घरातलं कुणीतरी शेजारी हवंच.

चालण्यासाठी लांब मोकळी जागा घ्या. सरळ चालत तीन पावलं उजवीकडे बघा, तीन पावलं डावीकडे, मग वर-खाली. चाल एका बाजूला ओढली जाईल. हळूहळू सरळ होते. रोज १० मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत न्या. काठी लागली तर घ्या, पण भिंतीला हात लावत चालण्याची सवय ठेवू नका.

पुढे जाण्याआधी तपासा. चालताना दुकानाची पाटी वाचता येते का? मागून हाक आली तर थांबून, वळून बघता येतं का? नसेल तर पाचवा टप्पा अजून पुरता झालेला नाही.

## टप्पा ७: काम, वाहन, गर्दी

गर्दीत, सरकत्या जिन्यावर आणि झरझर स्क्रोल होणाऱ्या स्क्रीनवर त्रास सगळ्यात शेवटी जातो. तिथे जाणं टाळत राहिलात तर तो तसाच राहतो. कमी गर्दीच्या वेळी ५ मिनिटांपासून सुरुवात करा.

वाहन चालवायला घाई नको. दोन्ही बाजूंना झटकन मान वळवून बघताना दृश्य हलत नसेल, गुंगीची गोळी चालू नसेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल तरच. शिडी, गच्चीचा कठडा, धारदार यंत्रं यांनाही हाच नियम. पोहणं त्याहून उशिरा, कारण पाण्याखाली डोळ्यांचा आणि पावलांचा दोन्ही आधार सुटतात.

बहुतेकांचं सलग गरगरणं काही दिवसांत थांबतं आणि पुढच्या काही आठवड्यांत ते कामाला लागतात. झटकन वळताना येणारी अस्थिरता मात्र काही महिने रेंगाळू शकते. थकवा, जागरण किंवा तापात ती तात्पुरती वाढते. अशा वेळी दोन-तीन दिवस व्यायाम वाढवा, गोळ्या नकोत.

## गाडं अडलं तर

सहा आठवडे व्यायाम नेमानं करूनही प्रगती नसेल तर तोलाच्या विकारांचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टला गाठा आणि कानाच्या डॉक्टरांकडून तपासण्या करून घ्या. तीन महिन्यांनंतरही रोज डुलल्यासारखं वाटत असेल, उभं राहिल्यावर आणि गर्दीत ते वाढत असेल, तर तो बहुधा पीपीपीडी, म्हणजे दीर्घकाळ टिकणारी डुलल्यासारखी चक्कर. तो खरा आजार आहे, मनाचे खेळ नव्हेत, आणि त्यावर वेगळे उपचार आहेत.

न्यूरायटिसचा असा सलग झटका पुन्हा येणं दुर्मीळ. चक्करेचे झटके वारंवार येऊ लागले तर मूळ निदान पुन्हा तपासावं लागतं: मेनिअर्स (आतल्या कानाचाच, वारंवार झटके येणारा वेगळा आजार), मायग्रेनची चक्कर, किंवा आणखी काही. आणि बरं झाल्यावर काही आठवड्यांनी अंथरुणात कुशीवर वळताना अर्धा मिनिट गरगरलं तर आजार उलटला म्हणून घाबरू नका. दाहानंतर कानातले कण सुटून बीपीपीव्ही होतो, ते अनेकांत दिसतं. कण कोणत्या नलिकेत आहेत ते डॉक्टर आधी तपासून ठरवतील. पहिल्या टप्प्यात नको म्हटलेली एप्लीची क्रिया तेव्हा उपयोगी पडते.